पाहुण्यांच्या सपाता

कल्पना करा बरं, बाळांनो. तुम्ही तुमच्याच बाबांच्या दारात उभे आहात, आणि बाबा तुमच्यापुढे पाहुण्यांची टोपली सरकवतात.

नऊ वर्षांच्या फेन्यापुढे ती टोपली आली ती शुक्रवारी संध्याकाळी. आपल्या गावाहून, कासेलहून, सगळ्यात स्वस्त बसने ती पपाकडे ब्रेमेनला आली होती, आणि रविवारी तिला परत जायचं होतं. टोपलीत राखाडी लोकरीच्या सपाता होत्या. कुणाच्याही पायाला याव्यात म्हणून घेतलेल्या, त्यामुळे कुणाच्याच पायाला नीट न येणाऱ्या.

"बघ गं, कुठल्या होतात तुला," पपा म्हणाला.

तेवढ्यात आतून योरिस धावत आला. योरिस म्हणजे वीब्केचा सात वर्षांचा मुलगा, आणि वीब्के म्हणजे पपाची नवी बायको. त्याच्या पायात लालभडक सपाता होत्या. दोन्हींवर पिवळ्या दोऱ्याने त्याचं नाव भरलेलं होतं. फेन्याची नजर त्या नावावरून हलेना.

सोफ्यावर तिचं अंथरूण तयार होतं. उशाशी घडी घातलेला टॉवेल होता आणि टॉवेलवर एक चॉकलेट. हॉटेलात ठेवतात तसं. जेवायला बसल्यावर पपाने विचारलं, "तू काय घेतेस हल्ली? कोको की चहा?"

योरिसला त्याने काहीच विचारलं नाही. त्याच्या पावावरची काकडी मात्र गुपचूप उचलून स्वतःच्या ताटलीत ठेवली. योरिसला काकडी आवडत नाही, हे त्याला पाठ होतं.

"कोको, पपा," ती म्हणाली.

योरिसने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती 'पपा' म्हणाली की दर वेळी तो असाच टकमक बघायचा. तो स्वतः पपाला नावानेच हाक मारायचा, हेनिंग. चोंबडा मेला, असं तिच्या मनात आलं.

शनिवारी चौघं गावात हिंडली. फुकटात बघता येईल ते सगळं बघितलं आणि घरून नेलेले पाव नदीकाठी बसून खाल्ले. चौकातल्या धातूच्या गाढवापाशी रांग लागली होती. त्याचे पुढचे पाय धरायचे आणि मनात काहीतरी मागायचं. इतक्या हातांनी घासून ते पाय सोन्यासारखे चमकत होते. फेन्याने एक पाय धरला.

"एका हाताने धरलं! एका हाताने धरलं!" योरिस खिदळला. "म्हणजे एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हात मिळवतंय!"

रांगेतले लोक हसले. वीब्के हसली. पपासुद्धा हसला.

"आमच्याकडे दोन्ही हातांनी धरतात, फेन्या," तो म्हणाला.

आमच्याकडे. तो शब्द तिला चावला.

मग योरिसची पाळी आली. त्याने दोन्ही पाय घट्ट धरले, डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला. शेवटी मागची बाई म्हणाली, "आटप रे राजा, आम्हालाही मागायचंय काहीतरी!"

फेन्या आतून जळत होती. याला आणखी काय हवंय? माझा पपा याच्याकडे आहे. रोज. काकडीसकट.

रविवारी सकाळी वीब्के अजून उठली नव्हती. पपा बेकरीतून ताजे पाव आणायला खाली गेला होता. सोफ्याजवळ योरिसची एक लाल सपात पडली होती. फेन्याने ती उचलली आणि आपल्या पाठपिशवीत पार तळाशी कोंबली. आता दुसरी कुठे आहे म्हणून ती वळली. दुसरी योरिसच्या हातात होती. तो अनवाणी दारात उभा होता.

तो ओरडला नाही. त्याने आईलाही हाक मारली नाही.

"ही पण घे," तो म्हणाला. "एकच नेऊन काय करशील?"

फेन्याचे कान तापले. "मला नकोत तुझ्या घाणेरड्या सपाता."

"घे ना. पण बदल्यात मला एक दे."

"काय?"

"तू त्याला पपा म्हणतेस. मलापण म्हणायचंय." योरिसने सपातेवरचा पिवळा दोरा नखाने ओढला. "एकदा म्हटलं होतं मी. तर हेनिंग म्हणाला, तो शब्द फेन्याचा आहे. तिला विचारल्याशिवाय मला तो कुणालाच देता येणार नाही." मग हळूच म्हणाला, "काल गाढवाकडे मी तेच... जाऊ दे. सांगितलं की खरं होत नाही."

फेन्या सोफ्यावर बसली. या घरात आपल्या नावाचं काहीसुद्धा नाही, असं समजून तिने दोन दिवस काढले होते. आणि ते इथेच होतं, पपाने कुणाला हात लावू न देता सांभाळून ठेवलेलं.

दारावरची घंटा वाजली.

"हेनिंग परत किल्ली विसरला," योरिस म्हणाला. पण तो जागचा हलला नाही. तो तिच्याकडेच बघत होता.

फेन्याने पाठपिशवी उघडली, हात तळापर्यंत घातला आणि लाल सपात काढून त्याच्या पायापुढे ठेवली.

"घाल आधी, फरशी गार आहे," ती म्हणाली. "आणि पळ, पपाला दार उघड."