पायाचा फोटो

“काढायचं काय आहे? लांबचं की जवळचं?” दुकानदाराने विचारलं.

“लांबचं,” दादा म्हणाला.

“जवळचं,” बहीण म्हणाली.

दुकानदार हसला आणि त्याने काउंटरच्या काचेवर दोन छोटे कॅमेरे ठेवले. दोन्ही खिशात मावतील एवढे, दोन्ही काळे. एकाची नळी बटण दाबलं की गोगलगायीच्या शिंगासारखी बाहेर यायची आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबरही वाचता यायचा. दुसऱ्याला तसलं काही जमत नव्हतं. पण तो चार बोटांच्या अंतरावरची वस्तू स्वच्छ टिपायचा आणि कमी उजेडातही रंग आहे तसा द्यायचा.

दादाने पहिला उचलला, तो खाली ठेवेचना. दारात जाऊन त्याने पलीकडच्या गच्चीवरचं कबुतर काढलं, मग नुसता कबुतराचा डोळा काढला. चार दिवसांसाठी तो घरी आला होता आणि परवा परत जाणार होता. आईसाठी कॅमेरा घेऊन देतो, असं फोनवर त्यानेच कबूल केलं होतं. कबुतराचा आणि आईचा काय संबंध, हे बहिणीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं. गिळायची तिला आता सवय झाली होती.

“आईच्या पायाला जखम आहे,” तिने दुकानदाराला सांगितलं. “शुगरमुळे भरत नाही. डॉक्टर परगावी असतात, दर तीन दिवसांनी फोटो मागतात. माझ्या फोनमध्ये सगळं पिवळं येतं. त्यांना रंग कळला पाहिजे. लाल असेल तर ठीक, पण काळं पडायला लागलं तर... पाय वाचवायचाय हो.”

“मग हाच घ्या, ताई.” दुकानदाराने दुसरा पुढे सरकवला. “जवळून काढायला काहीतरी ठेवा इथे. दाखवतोच तुम्हाला.”

तिला दुसरं काही सुचलं नाही. तिने आपला हातच काचेवर ठेवला. दिवसातून दोनदा औषधाच्या पाण्यात बुडणारा हात. पहिल्या कॅमेऱ्याने चार बोटांवरून नुसती कुरकुर केली आणि गुलाबी धुकं दाखवलं. दुसऱ्याने तिच्या बोटांवरची एकेक भेग दाखवली, नखाच्या कडेची सोललेली कातडीसुद्धा.

दादाने वाकून पडद्याकडे पाहिलं. “फारच भेसूर काढतो हा,” तो म्हणाला. हात कोणाचा आहे हे त्याच्या लक्षात आलं नसावं. आलं असेल, तर ते जास्तच वाईट.

“त्यापेक्षा माझ्या हातातला बरा,” दादा पुढे म्हणाला. “जरा मागे उभं राहायचं आणि जवळ ओढून घ्यायचं. लांबूनही सगळं दिसतं.”

“लांबून काढलं तर घरातला उजेड पुरत नाही, साहेब,” दुकानदार म्हणाला. “फोटो हलतो. आणि फ्लॅश मारला की रंग बदलतो.”

उंटावरून शेळ्या हाकायची दादाला जुनी हौस. गादी कुठली घ्यायची, मलम कुठलं लावायचं, मदतीला बाई ठेवायची की नाही, सगळं तो फोनवरूनच ठरवत आला होता. दुकानदारासमोर तर त्याला आणखीच जोर चढला.

“अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला?” तो म्हणाला. “तू रोज बघतेसच ना डोळ्यांनी? फोन उचलायचा आणि डॉक्टरांना सांगायचं, लाल आहे की काळं. संपलं.”

“सांगितलं होतं मागच्या महिन्यात.”

“मग?”

“मी लाल आहे म्हणाले. मला लालच दिसत होतं, दादा. तीन दिवस मी लालच म्हणत राहिले.” तिने हात काचेवरून काढून घेतला. “आईची दोन बोटं गेली.”

बोटं गेल्याचं दादाला ठाऊक होतं. कशी गेली, ते आज कळत होतं. दुकानदाराने फडकं घेतलं आणि तो स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसायला लागला.

“बरं बाई, घे तुझा,” दादा शेवटी म्हणाला. मग हातातल्या कॅमेऱ्याची नळी आत घेत दुकानदाराकडे वळला. “दोन्ही द्या. लांबचा माझा, जवळचा हिचा.”

दुकानदाराने दोन वेगळ्या पिशव्या केल्या. बहिणीने तिचा कॅमेरा पुन्हा बाहेर काढायला लावला, कसा धरायचा, बटण कुठवर दाबायचं, हात थरथरला तर काय करायचं, सगळं दोनदोनदा विचारून घेतलं. तेवढ्यात दादाने तीन वेळा घड्याळ पाहिलं.

दुकानाच्या पायरीवर मात्र त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज मऊ केला.

“एक कर. ते पायाचे फोटो डॉक्टरांनाच पाठव, मला नको पाठवूस. मला नाही गं बघवत. मला आपला आईच्या चेहऱ्याचा पाठवत जा. चेहरा दिसला की बरं वाटतं.”

“चेहरा नाही मिळत,” ती म्हणाली. “पट्टी सोडायला घेतली की आई भिंतीकडे तोंड करते. हल्ली तर बांधून झाली तरी वळत नाही. तिलाही नाही बघवत.”

तिने त्याचा हात खांद्यावरून बाजूला केला.

“अगदी तुझ्यावर गेलीय.”