चाकं वाजवणारा माणूस

शुक्रवारी सकाळी साडेदहाला हवालदाराचा फोन आला. "सफेद कार आपकी है?" दयारामची बायको अरुणा त्याच गाडीने ऑफिसला निघाली होती. पुलाच्या उतारावर पुढचं चाक मुडपून आत गेलं आणि गाडी कठड्यावर आदळली. दयाराम इस्पितळात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

गाडी विकायला काढली होती; रविवारी ती बघायला कानपूरहून एक जण येणार होता. त्याला नको म्हणून कळवायचं कुणाला सुचलं नाही. तो आला, दारातल्या चपलांचा ढीग बघून मुकाट्याने परत गेला.

अरुणाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी मुलगी रूपाली म्हणाली, "पापा, चलो. आज उस मिस्त्री से पूछना ही है."

"राहू दे गं," दयाराम म्हणाला. तिने ऐकलं नाही. तिच्याच स्कूटीवरून दोघं आलमबागेत रामसजीवनच्या गॅरेजवर आले.

रूपालीने पोलीस ठाण्याच्या आवारात गाडीखाली वाकून फोटो काढले होते. चाकाजवळ बुडाला वरून नवाकोरा काळा रंग. नखाने पापुद्रा काढला तर आत गंजून पत्र्याचा भुगा.

"ये देखिए," तिने फोन रामसजीवनच्या नाकासमोर धरला. "उसी हफ्ते आपने काला मारा था ना? सीधे जंग के ऊपर?"

रामसजीवन चिंधीला हात पुसत राहिला. दयारामचं डोकं फिरलं.

"मुँह में दही जमा है क्या? पहले जंग छीलते हैं, सड़ी चादर काटकर नई जोड़ते हैं, तब काला मारते हैं. इतना भी मैं सिखाऊँ?"

कोपऱ्यातली हातोडी उचलून त्याने लिफ्टवर चढवलेल्या एका जुन्या गाडीच्या बुडाला ठोकली. ठण्ण. चाकाकडे सरकून पुन्हा ठोकली. भद्द.

"ऐक, भद्द वाजलं म्हणजे आत गंज," तो रूपालीला म्हणाला. "चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात चाकं वाजवली मी. गंज बघायला मला डोळे लागत नाहीत. आणि हा म्हणे मिस्त्री." मग रामसजीवनकडे वळून, "तुम्हारी घरवाली बैठती उसमें, तब भी ऐसे ही मारते?"

रामसजीवनने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग रूपालीपुढे हात जोडले. "गलती हमसे हुई, बिटिया. थाने में लिखवाना हो तो लिखवा दीजिए."

रूपाली भांडायच्या तयारीने आली होती. भांडायला काही उरलंच नाही. तिला रडू फुटलं आणि ती बाहेर स्कूटीजवळ जाऊन उभी राहिली.

दयारामच्या हातात हातोडी तशीच होती. "कबूल क्यों किया?" त्याने हळू विचारलं.

"बिटिया के पास अब आप ही तो बचे हैं, बाबूजी." रामसजीवनने हातोडी त्याच्या हातातून काढून खिळ्याला टांगली. "उस दिन भी यही हथौड़ी आपने मारी थी. भद्द सुनकर आप ही बोले थे, छीलो मत, काला मार दो. इतवार तक तो चल जाएगी, आगे कानपुर वाला जाने."

ठाण्यात रूपालीने तक्रार लिहिली, दयारामने खाली सही केली. तिला सांगायचं अजून राहिलंय.