तिसऱ्यांदा तेच नाटक

आठवडाभर बस चालवून ड्रायव्हरचं अंग नुसतं आंबून गेलं होतं, तरी आठ वर्षांच्या लेकीने हट्टच धरला म्हणून रविवारी दुपारी तो तिसऱ्यांदा त्याच विनोदी बालनाट्याला गेला. मागच्या दोन्ही वेळी पडदा उघडताच त्याचा डोळा लागला होता आणि जाग आली ती थेट टाळ्यांच्या आवाजाने. पोरीसोबत दोन तास धड जागंही राहता येत नाही, ही गोष्ट त्याला खात होती. आज मात्र त्याने आधी दोन कप कडक कॉफी घेतली, नाटकभर मांडीला चिमटे काढले आणि विदूषक घसरून पडला तेव्हा सगळ्यांच्या आधी खो खो हसलासुद्धा.

बाहेर पडताना लेकीचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काय गं, आज तर मी अख्खं नाटक पाहिलं! मजा नाही आली?"

"मला ते केव्हाच पाठ झालंय, बाबा."

"मग परत कशाला आणलंस?"



"घरी तू आडवा झालास की लगेच कुणीतरी हाक मारतं. इथे तुला कुणी उठवत नाही ना, म्हणून."