पुढची भिंत

बबनरावांच्या ज्ञानेशची सोयरीक जुळली, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलीकडची माणसं रविवारी दिघीला घर बघायला येणार होती, आणि गुरुवार उजाडला तरी पुढची भिंत पोपडे धरून उभी होती. रंगारी परवडणारा नव्हता. मग बबनरावांनी ठरवलं, तीन बाजू राहू द्यायच्या, रस्त्याकडची तेवढी करायची, आणि तीही स्वतःच्या हातानं. कंपनीत तीस वर्षं भट्टीपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला भिंतीचं काय भ्या?

ते स्टुलावर चढून लोखंडी पट्टीनं जुना रंग खरवडत होते. खाली कुसुमताईंनी एका हातानं स्टूल धरलं होतं, दुसऱ्या हातानं पदर नाकाला.

"अहो, फाटकाजवळचं राहू द्या की. तिथं मोठ्या भाऊजींनी मारलेला रंग आहे. चांगला चिकटलाय."

"ऑइलपेंट आहे तो. त्याच्यावर आपला सिमेंटचा रंग धरायचा नाही. एका पावसात सोयऱ्यांच्या अंगावर पडंल."

"सोयरे काय पावसात भिंतीला टेकून बसणारेत?"

बबनराव हसत उतरले, स्टूल फाटकाकडं सरकवलं आणि परत चढले.

तीन वर्षांपूर्वी कुसुमताईंची आई अंथरुणाला खिळली होती. नवराबायको महिनाभर परळीला होते. परत आले तर फाटकापासून खिडकीपर्यंत भिंत पिवळीधमक. मागच्या घरात राहणाऱ्या थोरल्या भावानं, उद्धवरावांनी, स्वतः रंगवलेली. पुढं दोन महिन्यांनी वाटणी झाली, तेव्हा उद्धवरावांनी पुढचं घर धाकट्याला दिलं, मागचं स्वतःला घेतलं. "उद्या ज्ञानेशनं दुकान टाकलं तर गिऱ्हाईक दारात येईल," म्हणाले. बबनराव त्यांच्या पाया पडले होते. भावाच्या हातचा तो पिवळा रंग त्यांनी तीन वर्षं आल्यागेल्याला दाखवला.

पट्टीखाली लाल निघालं.

आधीचा एखादा रंग असेल, असं त्यांना वाटलं. मग त्या लालाची सरळ रेघ झाली. मग रेघेला टोक आलं. बाण होता, घराच्या आत तोंड केलेला. कुसुमताईंनी ओला फडका फिरवला आणि एकेक अक्षर लावलं.

"रस्तारुंदी. सात मीटर. आणि ही तारीख..." त्या थांबल्या. "अहो, तेव्हा आपण आईपाशी होतो."

बबनराव खाली उतरले. आतून भिंतीला पाठ लावली आणि लांब ढांगा टाकत मागं निघाले. एक ढांग, एक मीटर. बाहेरची खोली गेली, देवघर गेलं, चूल गेली. सातवी ढांग मागच्या मोरीत पडली. मोरीच्या पलीकडं दादांची पायरी होती.

पायरीवर उद्धवराव पेपर वाचत बसले होते.

"दादा, पुढच्या भिंतीत लाल बाण निघाला."

पेपर खाली आला नाही. "खरवडायला कुणी सांगितलं होतं? वरूनच एक हात मारायचा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"पालिकेची मापं ती. आज घेतात, उद्या विसरतात. रस्ता होतोय कधी!" मग पान उलटून, पेपराआडूनच, "आणि झालाच, तर मी आहे की मागं. तुला काय उघड्यावर टाकीन?"

बबनराव उभे राहिले. मोरीतला नळ गळत होता, तो त्यांनी घट्ट बंद केला आणि ते परत फिरले.

पुढं कुसुमताईंनी बादलीत रंग कालवून ठेवला होता. ब्रश त्यांनीच नवऱ्याच्या हातात दिला.

"झाकून टाका. आधी पोराचं लग्न होऊ द्या, मग काय ते बघू."

"कुसुम, त्यांची पोरगी या घरात यायची आहे."

"आपलं पोरगं बिनलग्नाचं राहील, त्याचं काय?"

बबनरावांनी खिडकीकडून सुरुवात केली. शनिवारी संध्याकाळी भिंत झाली. नवी कोरी दिसत होती. बाणाएवढी जागा मात्र त्यांनी सोडली होती. ज्ञानेश शिफ्ट संपवून आला, बाणापुढं उभा राहिला आणि आत गेला. कुसुमताई त्या रात्री जेवल्या नाहीत.

रविवारी पाहुणे आले. थोरले म्हणून उद्धवराव धुतलेली टोपी घालून मानाच्या खुर्चीवर ओसरीतच बसले होते. मुलीच्या वडिलांनी चपला काढायच्या आधी भिंत वाचली.

"एवढा रंग दिलात पाहुणे, मग हे का नाही झाकलं?"

"झाकलेलंच होतं," बबनराव म्हणाले. "परवा निघालं."

"कुणी झाकलेलं?"

आतल्या कपबशा वाजायच्या थांबल्या. उद्धवराव टोपी काढून तिच्या आत बघू लागले.

"घरातल्यानंच," बबनराव म्हणाले. "या, आत या. चहा निवतोय."

सोयरीक मोडली नाही, पण त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. तो अबोला सुटायच्या आत उद्धवराव त्याच वर्षी, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी वारले.