काठचं नको

लुवुयोने समुद्राचं पाणी गावी नेलं. मामतोलो आत्या त्यातलं घोटभर प्यायली, उरलेलं तिने घराच्या चारी कोपऱ्यांत शिंपडलं आणि दोन महिन्यांनी ती समाधानाने गेली. गावात सगळे असंच सांगतात. आपण मात्र यातलं काही घडलंच नाही असं धरून चालू. लुवुयोनेही तसंच धरलं होतं, म्हणून तर शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी सरावासाठी तो पोर्ट एलिझाबेथच्या वाळूत एका पायावर नाचत वेटसूटमध्ये शिरत होता.

"पोट आत घे," मागून चेन ओढत त्याचा मित्र देन्व्हर म्हणाला.

"आतच आहे."

"मग हे काय आहे?"

"बाटली."

देन्व्हरने चेन सोडली आणि पुढे येऊन बघितलं. लुवुयोच्या छातीशी प्लास्टिकची रिकामी बाटली होती, झाकण घट्ट लावलेली.

"शनिवारी थडग्यावर जायचंय," लुवुयो म्हणाला. "आत्याचं म्हणणं होतं, काठचं नको. काठावर सगळं गाव मुततं. आतलं आण."

"एवढ्यासाठी तू पोहून झाल्यावर दिवसभर सायकल मारणार, आणि वर मॅरेथॉन धावणार?"

"नुसतं पोहणं सुटं देत नाहीत. मी विचारलं."

"लेका, कुणाही होडीवाल्याला सांगितलं असतंस तर बादलीभर आणून दिलं असतं."

"सोपा मार्ग गेल्या वेळी झाला."

गेल्या नाताळात गावी जाताना गाडी देन्व्हरच चालवत होता. समुद्रावरून घरी जाणाऱ्याने पाणी न्यायचं असतं. त्याने पोट साफ होतं, घर साफ होतं आणि मुक्काम लांबवलेले पाहुणेही निघतात. दोघांना ते आठवलं तेव्हा समुद्र मागे राहून अर्धा दिवस झाला होता आणि गाव समोरच्या डोंगरावर दिसत होतं. मग पेट्रोल पंपाच्या नळाचं पाणी घेतलं. मीठ व्हिनेगर लावलेल्या चिप्सच्या पुडक्यात होतं.

"मीठ माझं होतं," देन्व्हर म्हणाला. "म्हणजे अर्धा समुद्र माझा."

"तिने वास घेऊन बघितला होता. म्हणाली, समुद्राला व्हिनेगरचा वास येतो हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

देन्व्हर हसला.

"गावभर सांगत फिरली," लुवुयो म्हणाला. "ज्यांनी समुद्र बघितला होता त्यांच्याशी भांडली."

देन्व्हर हसायचा थांबला. त्याने व्हॅसलीनची डबी उघडली आणि लुवुयोच्या मानेला नको तितकं व्हॅसलीन चोळत बसला.

शर्यतीचे पंच फुरीकाका भोंगा काखेत मारून एकेकाला तपासत येत होते. लुवुयोसमोर येऊन त्यांनी त्याच्या छातीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

"काय आहे?"

"रिकामी बाटली, काका."

"रिकामी बाटली तरंगते. तरंगणारी वस्तू अंगावर चालत नाही."

"मीसुद्धा तरंगतो."

"तेवढी सूट आहे."

"आज तर नुसता सराव आहे ना?"

"सराव आजचा आहे. नियम उद्याचेच." फुरीकाका माणूस वाईट नव्हते. त्यांनी जरा विचार केला. "भरलेली असेल तर मात्र माझी हरकत नाही. भरलेली बाटली घेऊन कुणी तरंगत नाही. तो बघ तिथे नळ आहे."

वाळूच्या कडेला पाय धुवायचा नळ होता. लुवुयो त्याच्याकडे बघत राहिला.

"मीठ आणू?" देन्व्हरच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग तो खाली वाळूकडे बघत म्हणाला, "अरे, भरून ने ना. आत वळणाच्या बोयापाशी ओतून दे आणि तिथलं भर. कुणाला कळणार आहे?"

"नळाचं पाणी एकदा गेलं की तळाशी थोडं राहतंच."

त्याने बाटली काढून वाळूत उभी केली. वाऱ्याने ती लगेच आडवी झाली आणि घरंगळत काठच्या पाण्याकडे निघाली. देन्व्हरने धावत जाऊन ती पकडली आणि तिच्यावरचं काठचं पाणी आधी झटकून टाकलं.

तेवढ्यात फुरीकाकांनी भोंगा तोंडाला लावला. उद्याच्या पोहण्याबाबत कुणाच्या काही अडचणी, सूचना, विनंत्या असतील तर आत्ताच सांगा, नंतर ऐकून घेतलं जाणार नाही.

पाणी थोडं गरम करता येईल का, असं एका बाईंनी विचारलं. वर कळवतो, फुरीकाका म्हणाले. पूर्वेचा वारा जेलीफिश घेऊन येतो, तर तो दुपारपर्यंत बंद ठेवावा, असं कुणीतरी सुचवलं. नोंद घेतली, फुरीकाका म्हणाले. लोक हसले.

लुवुयोने हात वर केला.

"बोल."

"उद्याची ही शर्यत," लुवुयो म्हणाला. तो हसत नव्हता, त्यामुळे हळूहळू बाकीचेही थांबले. "वारा, जेलीफिश, गार पाणी, काहीही असलं तरी चालेल. फक्त ती गेल्या नाताळाच्या आधी, आपल्या सोयीच्या कुठल्याही दिवशी घेण्यात यावी, ही नम्र विनंती."