जिथे रंग, तिथे औषध

शेषरावांनी मधपेटीतली चौकट उचलून उन्हात धरली. मधात केशरी झाक होती, अळ्या पांढऱ्याशुभ्र. चिखलीहून आलेले कृषी अधिकारी वाकून पाहत राहिले.

महिन्यापूर्वी याच अळ्या पिवळ्या पडून कुजत होत्या. उंद्रीतली ही शेवटची पेटी. ती गेली असती, तर निवृत्त ओव्हरसियर शेषरावांचा पाच वर्षांचा खटाटोप मातीत गेला असता. त्यांनी नागपूरहून सल्फा या जंतुनाशक औषधाच्या वीस गोळ्या मागवल्या, तेव्हा शेजारचे उकंडराव म्हणाले होते, "माश्याइले आता चश्मेही लावसान काय, ओव्हरसियर?"

शेषरावांनी रीत आखली. पत्नी रुखमाबाईंनी रोज चार गोळ्या खलात कुटून द्यायच्या. ती पांढरी पूड शेषरावांनी साखरेच्या पाकात कालवून वर जिलेबीचा रंग घालायचा. पाचही दिवस बाईंनी न चुकता पूड दिली आणि पदर खोचून रहेमतुल्ला पिंजाऱ्याकडे गेल्या. त्याची बायको बानो बाळंतज्वराने फणफणली होती.

"एवढ्याशा पाकाने सारी पेटी कशी बरी झाली?" अधिकाऱ्यांनी विचारले.

हे शेषरावांनी पहिल्याच दिवशी रुखमाबाईंना समजावले होते; तेच त्यांनी पुन्हा सांगितले. "पाक चाखला दहा-बारा जणींनीच. पण माशी एकटी खात नाही. ती दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटे केशरी. जिथे रंग, तिथे औषध."

अधिकाऱ्यांनी ते वाक्य उतरवून घेतले; खात्याच्या पत्रिकेत नावानिशी छापू म्हणाले. कुंपणापलीकडून उकंडरावांनी हात जोडले. शेषरावांची मान ताठ झाली. त्यांनी पाहुण्यांसाठी खडीसाखर मागवली.

"सरली," रुखमाबाई म्हणाल्या.

"बरणी भरलेली होती ना?"

"सरली म्हणलं ना." आणि त्या चहा आणायला वळल्या.

इतक्यात रहेमतुल्ला फाटकातून आत आला. मागे बानो, स्वतःच्या पायांनी चालत, छातीशी तान्हे बाळ. त्याने शेषरावांपुढे गोळ्यांची रिकामी शिशी ठेवली.

"काका, चिखलीच्या नर्सबाईनं ह्याच गोळ्या लिहून देल्या होत्या, पण कुठीच भेटत नव्हत्या. तुम्ही काकूच्या हाती धाडल्या, म्हणून बानो वाचली. वीसच्या वीस देल्या, एकही वाया गेली नाही."