ओहोटीची बाटली

१९८६ साली पौडच्या कचेरीतला ज्ञानदेव सरकारी सवलतीवर अंदमान पाहून आला. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईला, अनुसयाबाईला, त्यानं सगळं सांगितलं: तुरुंगाच्या कोठड्या, पोवळी, पोपटासारखे हिरवे मासे. म्हातारी अडली ती ओहोटीवर.

"पानी आपसूक मागं जातंया?"

"व्हय आये. दिसातनं दोनदा. तळावरनं चालाय येतंय."

तिचं माहेर साठ वर्षांमागं, तिच्या आईच्या जात्यासकट, मुळशीच्या धरणाखाली गेलं होतं. ते पाणी काही मागं सरलं नव्हतं.

ज्ञानदेवनं आणलेली समुद्राच्या पाण्याची बाटली तिनं उशाशी ठेवून घेतली. बूच घट्ट होतं, तरी दुपारी पाणी निम्म्यावर यायचं आणि संध्याकाळी पुन्हा गळ्याशी भिडायचं. आपल्यालाच भास होतोय म्हणून त्यानं सोडून दिलं.

एका दुपारी तो जेवायला घरी आला, तर बूच जमिनीवर आणि बाटली कोरडी ठणठणीत. आईच्या पायांवरची वाकळ सारखी करताना त्याचा हात थबकला. पाय घोट्यापर्यंत ओल्या चिखलानं माखले होते. कुशीत जात्याचा खुंटा होता, पाणी निथळणारा.

तो बूच उचलायला वाकला.

"इतक्यात लावू नगंस," ती मायेनं म्हणाली. "माझी आय मागनं येतीया."